घर उघडायचं कधी, मिटायचं कधी

सध्या पुण्यात ज्याला स्वतःचं घर बांधायचं असतं त्याला बहुधा वाडाच बांधायचा असतो. आयुष्य फ्लॅटमध्ये काढलेल्यांना तर फारच. माझा धाकटा भाऊ त्यांपैकीच एक. दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडे त्याने जागा घेऊन ठेवली होती. तिथे घर बांधायचं ठरलं आणि त्याच्या मोबाइलमध्ये फोटो साठू लागले. सागवानी खांब, पितळी फुल्या ठोकलेला दिंडी दरवाजा, कोनाड्यात समया, चौकात तुळस आणि या सगळ्याच्या मागे पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली, जमिनीपासून छतापर्यंतची काचेची भिंत. डोंगर दिसावा म्हणून.

आमच्या घरातच आर्किटेक्ट आहे, धाकट्या बहिणीची मुलगी. तिने ते फोटो शांतपणे पाहिले आणि एवढंच विचारलं, "मामा, मे महिन्यात दुपारी चार वाजता या सोफ्यावर कोण बसणार आहे?"

खांबांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, ती इथेच सांगून टाकते. पेठांमधले वाडे पाडले की त्यांचं लाकूड विकलं जातं. ते खांब मग हॉटेलांत, फार्महाउसवर, मंगल कार्यालयाच्या दारात उभे दिसतात. नुसते उभे. भार शेजारच्या आरसीसी कॉलमवर, यांच्याकडे काम फोटोत येण्याचं. विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून पाहा. १८०७ साली दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी, सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांचे आणि नक्षीकामाचे फोटो जो तो काढतो. आत जाऊन चौकाची रुंदी किती आणि भोवतालच्या मजल्यांची उंची किती, हे बघणारा मात्र विरळा. वाडा गार का असायचा, त्याची कारणं फोटोत येत नाहीत.

माझ्या आत्याचा वाडा सदाशिव पेठेत होता. तिचा म्हणजे तिच्या सासरचा, आणि त्यातल्याही निम्म्याहून अधिक खोल्यांत भाडेकरू. पुण्यातले बहुतेक वाडे शेवटी असेच उरले होते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना, आणि १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. आत्याचा वाडा पाण्यातून वाचला, बिल्डरच्या हातून वाचला नाही. आता तिथे खाली पार्किंग असलेली इमारत आहे.

घडीव काळ्या दगडाचं जोतं, तळमजल्याच्या दीड-दोन फुटी भिंती, वरच्या मजल्यांना लाकडी सांगाडा आणि त्यात भरलेल्या विटा. मजल्यांच्या मध्ये कडीपाट, म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर वीतभर माती. वर कुणी धावलं की खाली जेवणाऱ्याच्या ताटात ती माती पडायची, आणि मग वर आणि खाली अशी दोन्हीकडून ओरड. पण त्याच मातीमुळे वरचं ऊन खाली उतरत नसे. माती, वीट आणि दगड तापायला वेळ घेतात. अशी जाड भिंत बाहेरून तापली तरी तिची ऊब आतल्या हाताला जाणवायला आठ-दहा तास लागतात. दुपारी दोनचं ऊन खोलीत पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजत, आणि तोवर खोलीत कुणी नसेच. सगळे गच्चीवर.

पुण्याची हवा या प्रकाराला फार सोयीची होती. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ला टेकतो, पण पहाटे २०-२१पर्यंत उतरतो. साधारण ५६० मीटर उंचीवरचं पठार, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभर खाल्लेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते आणि भिंती दुसऱ्या दिवसासाठी मोकळ्या होतात. मुंबईत हे जमत नाही. तिथे रात्रही दमट आणि कोंदट, त्यामुळे जाड भिंतीपेक्षा समोरासमोरच्या खिडक्या कामाच्या. 'पारंपरिक घर गार असतं' हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. कुठलं पारंपरिक, आणि कुठे?

जाड भिंत हेही निम्मंच काम. उरलेलं निम्मं आत्या करायची. उन्हं चढायच्या आत, सकाळी नऊ-साडेनऊलाच, ती रस्त्याकडच्या खिडक्यांची दारं लावून घ्यायची. आम्हा मुलांपैकी कुणी एखादं दार किलकिलं केलं की स्वयंपाकघरातून हाक, "झळ आत येते गं, लाव ते!" मागच्या दाराला वाळ्याचा पडदा असायचा, तो दुपारभर ओला ठेवायचा. जेवणं माजघरात, वामकुक्षी माजघरात. उन्हं उतरली की चौकात पाण्याचा सडा, मग खिडक्या सताड उघड्या आणि माणसं ओसरीवर. रात्री वळकट्या घेऊन वर. पहाटेच्या वाऱ्यात घर गार होऊन घ्यायचं आणि साडेनऊला पुन्हा मिटायचं.

घर उघडायचं, मिटायचं आणि माणसांनी आतल्या आत दिवसभर जागा बदलत राहायचं, हे त्या वाड्याचं खरं यंत्र. ते कुणीतरी चालवत होतं म्हणून चालत होतं. चालवणारी बाई होती आणि तिला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं, किंवा जाता येत नव्हतं.

वाड्यांच्या आठवणी निघाल्या की हा भाग हमखास गळतो. माजघर गार होतं कारण ते अंधारं होतं. बाहेरची भिंत नाही, खिडकी नाही, भरदुपारी तांदूळ निवडायचे तर दिवा लावावा लागे. पलीकडच्या स्वयंपाकघरातला धूर कडीपाटाला काळा करून मगच बाहेर पडायचा. पावसाळ्यात कौलं गळत, भाडेकऱ्यांत पाण्यावरून भांडणं होत, संडास सामाईक आणि मागच्या अंगणात. आत्याला पुढे फ्लॅट मिळाला तेव्हा ती वाड्यासाठी रडली असं आमच्याकडे सगळे सांगतात. मला आठवतं ते तिने स्वयंपाकघराच्या ओट्यासमोरची खिडकी पहिल्यांदा उघडली तेव्हाचं तिचं तोंड.

मात्र तो फ्लॅट वरच्या मजल्यावरचा होता, आणि पुण्यात वरच्या मजल्यावर राहणं म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच विचारावं. आपण साधारण साडेअठरा अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर, १३ तारखेच्या सुमारास, सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत ऊन भिंतींवर पडतं त्याहून किती तरी अधिक छतावर पडतं. सहा इंची काँक्रीटचा स्लॅब ते चार-पाच तासांत खाली पोचवतो, म्हणजे नेमकं माणसं कामावरून घरी येतात तेव्हा. मग रात्रभर छत गरम हवा नव्हे, ऊबच खाली सोडत राहतं आणि पंखा ती फिरवत राहतो. घरांसाठी २०१८ साली आलेल्या केंद्राच्या 'इको निवास संहिते'त छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा आहे: दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅट. उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त येते. आणि आपली चर्चा कशावर, तर दिंडी दरवाजावर.

दिशांचंही तसंच. दक्षिण म्हटलं की घरोघरी कपाळाला आठ्या पडतात. खरं तर आपल्याकडे दक्षिण ही सगळ्यांत सोपी बाजू. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर तो फारसा येत नाही. दोन फुटांचा छज्जा काढला की काम झालं. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो तेव्हा छज्ज्याखालून आत येतो, आणि थंडीत ते हवंच असतं. अवघड बाजू पश्चिमेची. तिथलं ऊन तिरपं, छज्ज्याला न जुमानणारं, आणि हवा आधीच तापलेली असताना येणारं. गंमत अशी की पुण्याची संध्याकाळची झुळूकही पश्चिमेकडूनच येते. म्हणजे जी बाजू चारला बंद हवी तीच साडेसहाला उघडी हवी. पश्चिमेला पक्की भिंत घातली तर वारा मेला आणि काच लावली तर माणसं मेली.

वाडा आणि आजचं घर यांचा मेळ पुण्यात एकदा बसून गेलेला आहे, असं माझं मत आहे. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, डेक्कन जिमखान्याच्या गल्ल्या. १९३०-४०च्या सुमारास तिथे जे बंगले झाले त्यांत दगडी जोतं आणि जाड भिंती वाड्याकडून आल्या. व्हरांडा कॅम्पातल्या बंगल्यांकडून. स्लॅब, सिमेंटच्या जाळ्या, मोझॅकची फरशी हे तेव्हाचं नवं. दहा-अकरा फुटांची छतं. खिडकीच्या वर दोरीने उघडमीट करायचा व्हेंटिलेटर, ज्यातून वर साचलेली गरम हवा बाहेर पडे. खिडक्या दोन पाखांच्या, म्हणजे उघडली की अख्खी उघडली. हल्लीच्या सरकत्या खिडकीत निम्मी खिडकी कायम बंदच राहते, याचा कुणी हिशेबच करत नाही. या बंगल्यांत कुणी 'परंपरा' म्हणून काही लावलेलं नव्हतं. गरज होती ते ठेवलं, नको ते सोडलं. आता त्यांच्याही जागी इमारती उठताहेत, आणि त्यांतल्या काहींच्या लॉबीत सागवानी खांब आहेत.

भाचीशी बोलताना तिने एकदा आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या अहमदाबादच्या पारेख हाउसचा छेद, म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल ते, कागदावर काढून दाखवला. साठच्या दशकातलं घर. त्यात एक भाग उन्हाळ्यातल्या दुपारींसाठी, खाली रुंद आणि वर निमुळता, आभाळापासून झाकलेला. दुसरा हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळींसाठी, उलटा, वर आभाळाकडे उघडत जाणारा. वेळ बदलली की माणसांनी घरातल्या घरात दुसरीकडे जायचं. मला लगेच आत्याचं माजघर, ओसरी आणि गच्ची दिसली. काँक्रीटमध्ये, खांब-कोनाड्यांशिवाय, पण तीच. दुसरे मोठे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी तर जन्माने पुण्याचे, १९२७ सालचे. वास्तुकलेतलं सर्वांत मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा नव्वदीत होते. अहमदाबादचं त्यांचं कार्यालय 'संगाथ' अर्धं जमिनीत उतरलेलं आहे आणि वरच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या टाइल्स बसवल्या आहेत. पुण्यातल्या जुन्या गच्च्यांवर आपण जिला चायना मोझॅक म्हणतो तीच ही. ऊन परत पाठवायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

तर भावाचं घर. त्याचा चौक वीस बाय वीस फुटांचा होता, भोवती एकच मजला आणि खाली काळा पॉलिश ग्रॅनाइट. मे महिन्यात तो तवा झाला असता. वाड्याचा चौक गार असे कारण तो अरुंद आणि भोवतालच्या भिंती उंच. डोक्यावरचं ऊन येई ते घटका-दोन घटका, बाकी सावली. शिवाय रात्रीची जड, गार हवा त्यात उतरून साचायची. भाचीने चौक दहा बाय बारावर आणला, पश्चिमेच्या अंगाला दोन मजले घेतले आणि खाली ग्रॅनाइटऐवजी शहाबादी, मध्ये मातीचा चौकोन. भावाला तो वरून पारदर्शक पत्र्याने झाकायचा होता, पाऊस आणि मांजरं येऊ नयेत म्हणून. ती म्हणाली, झाकलास की गरम हवा वर कोंडणार आणि चौकाऐवजी काचघर होणार. शेवटी वर फक्त ग्रिल आणि जाळी. पाऊस आला तर येऊ दे, खाली वाट काढून दिली आहे.

उतरतं कौलारू छप्पर हवं हा भावजयीचा हट्ट होता. त्यावरून मला जिल्ह्याचा नकाशाच मांडावा लागला. लोणावळ्याला वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, पूर्वेला बारामतीकडे त्याहूनही कमी. मावळ-मुळशीत उतरती कौलं आणि रुंद वळचणी आहेत त्या पावसामुळे, आणि पूर्वेकडे गेलं की जुन्या घरांवर मातीचं सपाट माळवद दिसतं तेही पावसामुळेच. दिवे घाटाच्या वर आपण कोरड्या बाजूला असतो. सासवडचा पुरंदरे वाडा बघून या, बाहेरच्या अंगाला सगळी तटबंदी, जे काही उघडं ते आतल्या बाजूला. त्या माळावरच्या वाऱ्या-उन्हाला तेच उत्तर आहे. मग ठरलं ते असं: स्लॅब सपाटच, त्यावर उष्णतारोधक थर, वर वीट-कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि चायना मोझॅक, पश्चिमेकडच्या व्हरांड्यावर तेवढी मंगळूरी कौलं. भावजय खूश, छतही खूश.

पश्चिमेला बैठकीची खोली होती तिथे आता जिना, न्हाणीघर आणि कोठी आली. ऊन आधी त्यांनी खायचं. मध्ये आठ फूट खोल व्हरांडा, त्याला विटांची जाळी आणि तिरप्या पट्ट्यांची लाकडी दारं. डोंगर दिसतो, फक्त तो व्हरांड्यात येऊन बघावा लागतो. भिंतींसाठी भाचीने रॅट-ट्रॅप बॉन्ड सुचवला. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली ही पद्धत: विटा कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, ती उष्णता अडवते आणि साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. मिस्त्री नाराज. "पोकळ भिंत कशी टिकायची मॅडम?" त्याला नमुन्याची भिंत बांधायला लावली. बांधली छान, पण प्लंबिंगच्या बाजूला नेहमीचीच भिंत घेईन म्हणाला, आणि ते त्याचं बरोबर होतं.

एवढं सगळं टेबलावर असताना भावजयीने एक प्रश्न विचारला आणि सगळे गप्प झाले. "ताई, हे सगळं ठीक. पण सकाळी साडेनऊला आम्ही दोघंही मगरपट्ट्याच्या वाटेवर असतो. मुलगा कॉलेजला. खिडक्या मिटायच्या कोणी आणि संध्याकाळी उघडायच्या कोणी? आई?"

आईने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

प्रश्न अगदी बरोबर होता. आजचं घर दिवसभर कुलूपबंद असतं, आणि रात्री चोराच्या नाहीतर डासांच्या भीतीने पुन्हा बंद. ज्या वेळी उघडं हवं नेमकं त्या वेळी. म्हणून मग संध्याकाळी एसी. एसी वाईट असं मी म्हणणार नाही. आमच्याही नकाशात एका खोलीला आहे, कारण मेअखेरीस हवेत दमटपणा चढतो तेव्हा नुसता वारा पुरत नाही. पण जी उष्णता आत यायलाच नको होती ती बाहेर फेकण्यासाठी वीज जाळायची, याला काय म्हणावं? शिवाय भर वस्तीत रात्रीचा गारवाच आटत चालला आहे. उन्हाळ्यात मगरपट्ट्याचं पहाटेचं तापमान शिवाजीनगरपेक्षा कित्येकदा चार-पाच अंशांनी जास्त नोंदलं जातं. रात्रच गार झाली नाही तर वाड्याची जाड भिंत उलट अंगावर येते. दिवसभर खाल्लेलं ती टाकणार कुठे? ही सगळी युक्ती चालायला रात्र शाबूत लागते. घाटावर ती अजून आहे, हे भावाचं नशीब.

भाचीने दोन दिवसांनी सुधारून आणलेला नकाशा मला सगळ्यांत आवडला, आणि त्यात दिसण्यासारखं काही नाही. प्रत्येक खोलीत खिडकीच्या खाली एक बुटकी झडप, बाहेरून लोखंडी गज, आतून डासांची जाळी. रात्री उघडी ठेवायला भीती नाही. जिन्याच्या डोक्यावर उंच धुराड्यासारखी जागा, तिथे मोठा एक्झॉस्ट पंखा आणि त्याला टायमर. घर निजलं की पंखा लागणार, खालच्या झडपांतून बाहेरची गार हवा ओढणार, ती भिंतींना, फरशीला लागून वरून जाणार. उजाडायच्या सुमाराला बंद. दिवसा पश्चिमेच्या लाकडी दारांच्या पट्ट्या अशा कोनात बसवलेल्या की न मिटताही ऊन आत येत नाही, वारा येतो. झडपा सकाळी लावायच्या, पण त्या राहिल्या तरी फार बिघडत नाही, कारण त्या सगळ्या सावलीत आहेत. आत्या करायची ते काम थोडं पंख्याला, थोडं पट्ट्यांच्या कोनाला आणि थोडं विसरभोळ्या माणसांना वाटून दिलेलं.

भावाला दिंडी दरवाजा मिळाला आहे, पितळी फुल्यांसकट. तो पूर्वेला आहे, कुणाच्या वाटेत येत नाही. खांब मात्र दोनच घेतले, व्हरांड्यात, आणि त्यांच्या डोक्यावर खरंच छप्पर आहे.

परवा सगळे पुन्हा बसलो होतो तेव्हा आईने पहिल्यांदाच नकाशा स्वतःकडे ओढला आणि भाचीला विचारलं, "तुझा तो पंखा रात्री दोनला लागणार म्हणतेस, तो आवाज करतो का गं?"

"करतो थोडासा, आजी."

"मग जिना त्यांच्या खोलीकडे सरकव," भावाकडे बोट दाखवत आई म्हणाली. भाचीने पेन्सिल काढली.